रोज एकच मग

शेजारच्या बाई राइस मिलमध्ये तांदळाचा ओलावा तपासायच्या. मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसायचा नाही. गोंदियाच्या मे महिन्यात माझ्या घरातल्या नव्या, खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतलं जिवंत प्रवाळ मिटून करडं पडलं. मी औषध आणायला निघालो, तर त्यांनी दारातच अडवलं.

"टाकीतलं पाणी आटलं का, वरून कोणतं पाणी टाकता?"

"मिठाचंच. समुद्राचे जीव ना ते."

"कायले? पाणी उडून जाते भाऊ, मीठ उडत नाही. तुमी रोज खारटपणा वाढवून राहिले."

मी खारटपणा मोजायचा मीटर बुडवला; आकडा खरंच भलताच वर होता. मी सगळं पाणी बदलायला निघालो.

"एकदम बदललं तं मरते ते. रोज एकच मग."

त्यानंतर मिलमध्ये जाण्याआधी त्या रोज येऊन एक मग खारं पाणी काढत आणि तेवढंच साधं फिल्टरचं ओतत; आटलेलंही आता मी साध्याच पाण्याने भरायचो. भाच्याच्या हळदीच्या दिवशीही आल्या. हात पिवळे होते, म्हणून पाण्याला शिवल्या नाहीत. माझ्याकडून करवून घेतलं.

बाराव्या दिवशी प्रवाळाची एक बाजू उमलली. मी आनंदाने हाक मारली. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"दुसरी बाजू गेली," त्या म्हणाल्या. त्यांनी मीटर बुडवला, आकडा वाचला. "अजून जास्तच हाय," म्हणत त्यांनी मग उचलला.