गाण्याच्या हेडफोनला माइक नसतो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. जवळजवळ वर्षभर दर शनिवारी दुपारी मी माझ्या मुलाबरोबर व्हिडिओ गेम खेळत होतो, आणि समोर मी आहे हे त्याला माहीत नव्हतं.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर आमच्या बंगलोरच्या, येलहंक्याच्या घरीच राहिला. त्याचं गेममधलं नाव मला पाठ होतं. त्याच्या टेबलावर चहा ठेवताना इतकी वर्षं पडद्यावर वाचलेलं. मी दुसऱ्याच नावानं खातं उघडलं, जमेल तसं खेळायला शिकलो आणि त्याला रिक्वेस्ट पाठवली. त्यांच्या चौघांच्या टीममध्ये एक जागा रिकामी होती. त्यानं मला घेतलं. पाळत ठेवायची असं काही मनात नव्हतं. फोनवर आमचं बोलणं म्हणजे "जेवलास का?" आणि मग "आईला देतो." मला त्याचा आवाज जरा जास्त वेळ ऐकायचा होता.

गेमिंगसाठी वेगळे हेडफोन मिळतात, तोंडाशी माइक आलेले. माझ्याकडचे गाणं ऐकायचे होते. मोठे, जाड वायरीचे, इंदिरानगरच्या एका दुकानात तासभर ऐकून घासाघीस न करता घेतलेले. माइक नाहीच. पण कान मात्र असे की ज्यात तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू यायच्या, त्यात आता डावीकडच्या लाकडी जिन्यावरचं पाऊल सुटं ऐकू येऊ लागलं. नेम माझा बेताचाच. पण शत्रू कुठून येतोय ते मी नकाशावर खूण करून आधी दाखवायचो. माझं कौतुक व्हायचं.

"मौनीबाबाचे कान बघ रे! भिंतीपलीकडचं ऐकतो."

"अरे, त्याच्याकडे कसला भारी गेमिंग हेडसेट असणार."

बायको दारातून विचारायची, "गाणं ऐकताय?" पडद्याची पाठ दाराकडे होती. मी मान हलवायचो.

माइक नाही, असं मी पहिल्याच दिवशी इंग्रजीत टाइप केलं होतं. कुणी काही सुचवलं की "सरी" लिहायचो, कन्नडमधलं 'बरं'. दुकानदार, रिक्षावाले, शेजारी यांच्याशी बोलून तो शब्द बोटांतच बसलाय. त्यावरून मुलानं अंदाज बांधला.

"आमच्या बंगलोरचा आहे हा. कन्नडिगा," तो बाकीच्या दोघांना म्हणाला. "बोला बिनधास्त मराठीत, त्याला घंटा कळत नाही." आणि मग मला, जरा डावीकडे बघ म्हणून, त्याच्या मोडक्या कन्नडमध्ये, "गुरू, स्वल्प लेफ्ट नोडू!"

मी तेव्हाच दोन शब्द मराठीत लिहायला हवे होते. इथल्या आम्हा मराठी लोकांची ही सवय आहे. लिफ्टमध्ये, हॉटेलात, बँकेच्या रांगेत खासगी बोलायचं झालं की मराठीत बोलायचं आणि आजूबाजूला कुणाला कळत नाही असं धरून चालायचं. मुलगा ती आमच्याकडूनच शिकला. त्या सवयीचा फायदा मी घेतला.

टीममधला एक मुलगा त्याच्या ऑफिसातला होता. दुसरा आमच्याच कॉलनीतला, बालवाडीपासूनचा मित्र; दोघांच्या आयाही मैत्रिणी. एका शनिवारी मुलगा म्हणाला, "मी राजीनामा टाकलाय. दुसरं काही हातात नाही. घरी सांगू नका रे."

"काकांना सांग ना सरळ," कॉलनीतला म्हणाला.

"बाबांना? ते ओरडले असते तर सांगितलं असतं. ते गप्प बसतात. ते नाही झेपत मला."

मी कानांवरून हेडफोन काढला नाही. खेळत राहिलो.

मग पुढच्याच फोनवर मी ती चूक केली. "जेवलास का?" विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "राजीनामा देण्याआधी दुसरी बघून ठेवायची असते."

मग त्यानं विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कळतं," मी म्हणालो आणि फोन आईला दिला.

त्या शनिवारी खेळ सुरू व्हायच्या आधीच तो मित्रावर तुटून पडला. "तुझ्या आईनं सांगितलं माझ्या घरी. तिला कुणी सांगितलं? तूच ना?"

"आईशप्पथ नाही रे. मी कशाला सांगू?"

"मग बाबांना स्वप्न पडलं का?"

"मला काय माहीत! याला विचार," तो ऑफिसातल्याबद्दल म्हणाला.

"मी त्याच्या घरच्यांना ओळखतसुद्धा नाही," ऑफिसातला म्हणाला.

कॉलनीतल्या मुलाचा आवाज शेवटी घोगरा झाला होता. त्या हेडफोनात तेही नीट ऐकू आलं. माझी बोटं कीबोर्डवरच होती. एक ओळ पुरली असती. पडद्यावर माझ्या नावापुढे "तयार" हे बटण लुकलुकत होतं. मी ते दाबलं.

तो मुलगा टीममधून गेला. मीही काही दिवसांनी खातं बंद केलं. माझ्या मुलाला पुढे दुसरी नोकरी लागली, मित्र मात्र परत जोडला गेला नाही.

परवा त्या मुलाचे आईवडील त्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आले. आमच्या हातावर अक्षता ठेवल्या. पत्रिकेवर आम्हा दोघांचंच नाव होतं.

"वहिनी, यायचंच हं," त्याची आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "भावजी, पोरांचं काय बिनसलं कोण जाणे. विचारलं तर आमचा म्हणतो, त्याचा माझ्यावर विश्वास नाही, मग बोलावून काय करू?"

बायको म्हणाली, "आमचाही काही बोलत नाही. बापावर गेलाय."

सगळे हसले. मी पोह्यांच्या बशा उचलून आत ठेवल्या.

लग्न अजून व्हायचंय. मला मुलाला सांगायचं आहे की तो कन्नडिगा मी होतो आणि तुझ्या मित्रानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्या मित्राची माफी मागायची आहे. ही दोन्ही देणी माझ्याकडे बाकी आहेत.