अकरा ठिकाणचे वडील

सांगलीला ज्या छापखान्यात मी प्रुफं तपासायचे, तिथं लेखक मंडळी मला वचकून असत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. टेबलावर माझी लाल पेन्सिल दिसली की भले भले प्राध्यापक ऱ्हस्व-दीर्घाची माफी आधीच मागून मोकळे व्हायचे. माझे वडील पोस्टात होते. दर तीन वर्षांनी बदली. सातारा, कऱ्हाड, विटा, इस्लामपूर करत मी नाना शाळांत शिकले आणि प्रत्येक शाळेत शुद्धलेखनात पहिली आले. भाषेच्या बाबतीत आपलं चुकत नाही, असा माझा पक्का समज होता. तासगावच्या पलीकडे एका दोन खोल्यांच्या घरात एका दुपारी तो समज गळून पडला.

आमच्या छापखान्यानं एका कॅथलिक लेखकाच्या आठवणींचं पुस्तक काढलं होतं. गृहस्थ अंगानं किरकोळ, शाळामास्तर म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. डाव्या कानानं त्यांना मुळीच ऐकू येत नसे. माझ्या टेबलाशी आले की खुर्ची तिरकी करून उजवा कान माझ्याकडे करून बसत. मी एकदा विचारलं, "जन्मापासूनच का हो?" तर म्हणाले, "छे. बापाचा प्रसाद." आणि हसले. मीही हसले. मारक्या वडिलांचं आमच्याकडे कुणाला नवल नव्हतं.

त्यांच्या हस्तलिखितात हा बाप जागोजाग होता. 'बापाचा हात जड होता', 'बाप समोरून आला की आम्ही भिंतीला चिकटायचो', अशी वाक्यं. मधूनच कुठं 'आबा' यायचा. एकाच माणसाला कधी बाप, कधी आबा, आणि दोन्हीकडे एकेरी. मला ते गबाळं वाटलं. गेलेल्या माणसाविषयी पुस्तकात असं लिहू नये, हेही वाटलं. मी अकरा ठिकाणी लाल पेन्सिल चालवून सगळीकडे 'वडील' केलं आणि क्रियापदं आदरार्थी केली. प्रुफं निघाली तेव्हा लेखक मिरजेला दवाखान्यात होते. 'तुम्हीच बघा, तुमच्यावर भरवसा आहे' असा त्यांचा निरोप आला. पुस्तक बाहेर पडायच्या आठवडाभर आधी ते गेले. हस्तलिखित आम्ही रीतसर बांधून त्यांच्या गावच्या पत्त्यावर पाठवून दिलं.

पुढे आणीबाणी उठली आणि लोकांना वाचा फुटली. आमच्या छापखान्याचंच एक साप्ताहिक होतं. त्यात आटपाडीकडच्या एका निवृत्त फौजीचं पत्र आलं. लहानपणी तो मिशनच्या बोर्डिंगात होता. तिथले एक फादर मुलांना पट्ट्यानं मारायचे, घंटेच्या खोलीत कोंडून ठेवायचे. आईबापांनी तक्रार केली तेव्हा चर्चनं त्या फादरना दुसऱ्या गावच्या बोर्डिंगात पाठवलं आणि तिथंही तोच प्रकार झाला. 'मी लढाई पाहून आलो, पण त्या खोलीचा वास विसरलो नाही,' असं त्यानं लिहिलं होतं. पत्राखाली पूर्ण नावगाव होतं, लपवाछपवी नव्हती.

मग पत्रांचा पाऊस पडला. कुणी म्हणे, मास्तरानं मारलं म्हणून काय झालं, आम्हीही मार खाल्ला. ज्यांना मिशनऱ्यांना झोडपायला निमित्तच हवं होतं तेही पुढं सरसावले, आणि त्यांचा मला जास्त राग आला, कारण त्यांना त्या मुलांशी काही देणंघेणं नव्हतं. आणखी दोघा जुन्या विद्यार्थ्यांनी लिहिलं की आमच्या वर्गातला एक मुलगा, जो पुढे लेखक झाला, त्याचा कान त्याच फादरनं फोडला. त्यावर चर्चच्या बाजूच्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी सरळ आमचं पुस्तक उघडलं. पान, ओळ, सगळं दिलं. 'वडिलांचा हात जड होता. एकदा त्यांनी डाव्या कानावर मारलं आणि तेव्हापासून त्या कानाला घंटाही ऐकू आली नाही.' मुलगा स्वतः सांगतो की वडिलांनी मारलं, मग चर्चला बोल कशाला? तक्रारी खोट्या आहेत हे यावरून दिसतंच, असा त्यांचा शेरा होता.

पत्रं लिहिणारे गप्प झाले. फौजीचं एक पोस्टकार्ड आलं: 'मग आम्ही काय स्वप्न पाहिलं?'

आमचे संपादक खूश होते, कारण वाद रंगला होता. ते मला म्हणाले, "लेखकाचं लहानपणचं घर बघून या आणि लेख लिहा. मुलाला बहिरं करणारा बाप कसा होता, ते विचारा." मी एस.टी.त बसायच्या आधीच मथळा ठरवला होता. 'हात उगारला गेला ते घर.' मला तो फार आवडला होता.

नोव्हेंबरचे दिवस होते. तासगावला गाडी बदलली. बेदाण्याच्या शेडवर बायका वाळवणाच्या जाळ्या झाडत होत्या. पुढच्या गाडीनं फाट्यावर उतरून अर्धा तास चालले. मिशनचं कंपाउंड लांबूनच दिसलं. मधे देऊळ (तिथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात), एका बाजूला बंद पडलेलं बोर्डिंग, एका बाजूला विहीर. विहिरीशी मोटेचे बैल ज्या उतारावरून ये-जा करत ती धाव अजून शाबूत होती. कुंपणाबाहेर पत्र्याचं, मातीच्या भिंतींचं घर. दारावर चुन्यानं काढलेला क्रूस. आत मारियामातेची तसबीर, तिला झेंडूचा हार, खालच्या कोनाड्यात मेणबत्त्या आणि काडेपेटी.

घरात लेखकाची थोरली बहीण राहायची. पांढरं डोकं, ताठ कणा. मी छापखान्यातून आले म्हटल्यावर तिनं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि समोर बसून म्हणाली, "पुस्तक तुमीच छापलं न्हवं?"

"हो मावशी."

"मंग परत न्या. मला नगं ते घरात."

मी लेखाचं म्हणून विचारायला गेले तर तिनंच मला धारेवर धरलं. परवाच मृतांचा दिवस झाला होता. त्या दिवशी वस्तीतले सगळे कबरस्तानात जाऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, आणि तिच्या वडिलांच्या थडग्यावर वर्षानुवर्षं शेजारचेही लावत. तो सगळ्यांना पाणी देणारा माणूस होता, मिशनच्या विहिरीवर मोट हाकायचा. यंदा फक्त हिची एक मेणबत्ती होती.

"समदी म्हंत्यात, तुझ्या आबानं लेकराचा कान फोडला. मी म्हनलं, आबानं बैलाला कवा चाबूक लावला न्हाई, तर लेकराला लावील? तर म्हंत्यात, छापलेलं खोटं आसतं व्हय? त्येच्याच लेकानं लिवलंय. भावाच्या थडग्यावर म्या यंदा मेणबत्ती लावली न्हाई, बाई. लिवायचं त्यानं, आन् आमी खाली मान घालून देवळात जायाचं?"

मला वाईट वाटलं, पण मी डगमगले नाही. असं घरोघर असतं, बहिणींना वडील आठवतात वेगळे आणि भावांना वेगळे, असं मला वाटत होतं. मी म्हणाले, "मावशी, त्यांनी लिहिलं ते मी स्वतः वाचलंय. त्यांच्या अक्षरातलं हस्तलिखित तुमच्याकडेच पाठवलंय. दाखवते तुम्हाला."

ती उठली, पेटीतून पार्सल काढलं. आमच्या छापखान्याची सुतळी जशीच्या तशी होती. तिला वाचता येत नव्हतं म्हणून ते तसंच पडून होतं, आणि वाद पेटल्यावर रागानं तिनं ते कुणाला उघडूही दिलं नव्हतं. मी गाठ सोडली, कानाचं पान काढलं आणि ठसक्यात वाचू लागले. वाचताना मात्र माझी पेन्सिल मधे येत होती. लाल रेघेच्या खाली निळ्या शाईत जे मूळचं होतं तेच मी वाचलं, कारण मूळ ते मूळ. "'बापाचा हात जड होता. एकदा त्यानं डाव्या कानावर...'"

"कुनाचा?"

"बापाचा."

म्हातारी म्हणाली, "बाप म्हंजी आबा न्हवं, बाई. बाप म्हंजी फादर."

मला काही कळेना. तिनं मला लहान पोरीला सांगावं तसं सांगितलं. पहिला गोरा फादर आला तेव्हा लोकांनी विचारलं, फादर म्हणजे काय? शिकवणाऱ्या मास्तरानं सांगितलं, बाप. तेव्हापासून सगळी वस्ती फादरला बापच म्हणायची. दोन फादर असले तर थोरला बाप आणि धाकटा बाप. "घरात बापाला बाप कोन म्हनतंय? आबा म्हनायचं, दादा म्हनायचं. तुमी तुमच्या बापाला बाप म्हनता का?"

मी म्हणत नव्हते. मी अण्णा म्हणायचे.

"फुडं वाचा," ती म्हणाली.

पुढे वाक्य होतं, 'मग लोकांनी तक्रार केली आणि बापाची बदली झाली.' ते मी छापलं होतं, 'वडिलांची बदली झाली.' पोस्टातल्या माणसाची लेक मी. वडिलांची बदली होते यात मला काही खटकलं नव्हतं.

"मोट हाकनाऱ्याची बदली कुठं हुती व्हय?" म्हातारीनं विचारलं.

मी अनुस्वार मोजले होते, वेलांट्या मोजल्या होत्या, मात्राही मोजल्या होत्या, आणि विहिरीवरच्या माणसाची बदली कुठे झाली असेल हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी एक-एक पान उलटलं. अकरा ठिकाणी माझी रेघ. आठ ठिकाणी खाली बाप, तीन ठिकाणी आबा. त्या माणसानं दोघांना नीट वेगळं ठेवलं होतं. आबाविषयी लिहिलेलं वाचलं तर कळत होतं. 'आबा मोटेवर गायचा तेव्हा मी त्याच्याकडे उजवा कान करून बसायचो.' मला लाज वाटली, सरळ लाज वाटली, आणि मी ती म्हातारीला सांगितली. "मावशी, तुमच्या भावानं बरोबर लिहिलं होतं. मी खोडलं."

तिनं पान हातात घेतलं. लाल रेघेवरून बोट फिरवलं. "ह्ये तुमचं?"

"माझं."

"बरं," ती म्हणाली, आणि आत जाऊन चहा टाकला. मला वाटलं होतं हाकलून देईल.

सांगलीला येऊन मी पार्सल संपादकांच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, मुद्रणदोष म्हणू या, कुणाचं नाव कशाला, छापखान्याची अब्रू आहे. मी म्हणाले, अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या कामगाराच्या माथी हे मारायचं नाही. दोष मुद्रणाचा नाही, माझा आहे, आणि तसं छापणार नसाल तर उद्यापासून प्रुफं तुम्ही बघा. त्यांना ते परवडणारं नव्हतं हे मला ठाऊक होतं.

शुद्धिपत्र मीच लिहिलं. शुद्धिपत्राची रीत ठरलेली असते: डाव्या रकान्यात अशुद्ध, उजव्या रकान्यात शुद्ध. आजवर मी तशी कितीतरी लिहिली होती, लोकांच्या चुकांची. या वेळी डावीकडे खाली खाली लिहीत गेले: वडील, वडील, वडील. उजवीकडे: बाप, बाप, आबा. बाप म्हणजे फादर, असा खुलासा खाली दिला आणि 'हे बदल लेखकाचे नसून मुद्रितशोधकाचे' अशी ओळ टाकून माझं नाव घातलं. साप्ताहिकात ते पहिल्या पानावर आलं, आणि उरलेल्या प्रतींत चिकटवलं.

ज्या गृहस्थांनी पान-ओळ दिली होती त्यांनी पुन्हा पत्र लिहिलं नाही. फौजीनं लिहिलं, आणखी चौघांच्या सह्या घेऊन, आणि ते पत्र या वेळी बिशपांकडे गेलं. चौकशी कशी झाली, किती खरी झाली, ते माझ्या कानावर आलं नाही. पण ती मुलं खोटी होती असं मात्र त्यानंतर कुणाला म्हणता आलं नाही.

शुद्धिपत्राचा कागद घेऊन मी पुन्हा त्या घरी गेले. म्हातारीनं तो पाटावर पसरला. दोन रकाने बघितले.

"आबा कुठं हाय यात?"

मी बोट ठेवलं. "इथं. मोटेवर."

"आन् कानापाशी?"

"कानापाशी बाप."

तिनं मान हलवली. कागदाची घडी घालून मारियामातेच्या तसबिरीमागे ठेवली, कोनाड्यातून मेणबत्ती आणि काडेपेटी घेतली आणि पायात चपला घातल्या. कबरस्तान देवळामागेच होतं. आबाच्या थडग्यावरून तिनं पालापाचोळा झाडला आणि शेजारच्या, भावाच्या थडग्यापाशी येऊन थांबली. मला वाटलं आता ती वाकेल. तिनं काडेपेटी माझ्या हातात दिली.

"तुमी लावा," ती म्हणाली. "खोडलं हुतं तुमीच."