राजाबाईंनी टाइप केलेला नायक

राजाबाई टाइपिंगला बसल्या की शेजारी भांडण पेटलं तरी मान वळवायच्या नाहीत. मुकुंदवाडीतल्या टायपिंगच्या दुकानात त्यांचा हात वीस वर्षं चालला होता. रोज दौलताबादहून यायच्या. घरी मेंढरं, नवरा मेंढरांमागं, आणि ही बाई दहावी पास होऊन कीबोर्डवर बसली. भावकीनं आधी नाकं मुरडली आणि मग आपापले अर्ज हिच्याकडूनच टाइप करून घेतले. लोकांचं हे असंच.

एके दिवशी कॉलेजातले आप्पासाहेब सर जुन्या गावरान सिनेमांच्या चाळीस पटकथा घेऊन आले. सगळ्या हातानं लिहिलेल्या, काहींना कसर लागलेली. त्या टाइप झाल्या की कॉम्प्युटर त्यातली भाषा तपासणार होता. कोण किती बोलतं, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं, सगळं. बोलणाऱ्याच्या जागी नाव नको, नुसता क्रमांक टाका, असं सरांनी बजावलं.

"पन सर, कोन रडतंय, कोन हासतंय, त्याला कळतं का?"

"कळत नाही. तो फक्त मोजतो."

"मंग मोजून काय कळतं?"

सर हसले आणि बरंच काही बोलले. राजाबाईंना त्यातलं अक्षर समजलं नाही. पण काम ते काम.

चार महिन्यांनी सर आनंदानं नाचतच आले. "राजाबाई, तेविसावी पटकथा म्हणजे कमाल आहे! बाकीच्यांत आई पोराला नावानं हाक मारते. इथं नायकाला सगळे 'मालक' म्हणतात. आई, सावकार, अहो, पकडायला आलेला फौजदारसुद्धा! दोनशे चौदा वेळा मालक, आणि नाव एकदाही नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याला निबंध वाचतोय यावर."

त्या नायकाचं नाव मुंजाबा होतं. राजाबाईंच्या नवऱ्याचंही तेच. तीस वर्षांत ते नाव त्यांनी एकदाच घेतलं होतं, नणंदांनी उंबरठा अडवल्यावर, उखाण्यात. एरवी नुसतं 'मालक'. मूळ पानावर डोळ्यांनी 'मुंजाबा' वाचलं असणार आणि बोटांनी 'मालक' उमटवलं असणार. पण त्यांना काही म्हणजे काही आठवेना. हात आपलेच, मग हे केलं कुणी?

दोन दिवस घास उतरेना. गप्प बसावं, तर पुण्यात कुणी मूळ कागद मागितला की सरांची शोभा होणार. सांगावं, तर उरलेल्या एकोणचाळीस पटकथांवर विश्वास कोण ठेवील? राजाबाईंची चूक निघत नाही, एवढीच तर त्यांची कमाई होती. एक मन इकडं ओढी, एक तिकडं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं. सर खुर्चीला धरून बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. एका झटक्यात सगळीकडं मालकच्या जागी मुंजाबा करून टाकू."

"नाय सर. त्याची बायकू त्याला मालकच म्हनती, ते खरं हाय. माझं कोनतं न् लेखकाचं कोनतं, ह्ये कॉम्प्युटरला कसं कळंल?"

आता गोंधळलेली माणसं दोन झाली.

मूळ वही समोर ठेवून ओळीमागून ओळ तपासणं, एवढंच हातात होतं. राजाबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. आई बोलते तिथं मुंजाबा, फौजदार बोलतो तिथं मुंजाबा. हे दुसऱ्याचं बोलणं, आपलं नव्हं, अशी मनाची समजूत घालत दात-ओठ खाऊन त्या पुढं सरकत राहिल्या.

शेवटच्या प्रसंगापाशी हात थांबला. विहिरीची दरड कोसळते, नायक खाली सापडतो, आणि सिनेमाभर 'मालक' म्हणणारी ती बायको काठावर उभी राहून त्याला नावानं हाक मारते. एकदाच. राजाबाईंनी तिच्या तोंडचं तेवढंसुद्धा काढून घेतलं होतं. स्वतःचीच लाज वाटली त्यांना. तरी बोट हलेना. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे सासूनं डोक्यात भरवलेलं. आणि हे नाव तर बायकोच्याच तोंडचं.

त्यांनी फोन लावला.

"आवो, कुठं हायेत?"

"मेंढरांला पानी पाजतोय. का गं?"

"काय नाय. फोन ठिवू नका."

"अगं, पन झालं काय?"

"कानाला धरून ऱ्हावा म्हनलं ना!"

फोन खांद्यात दाबून राजाबाईंनी ती चार अक्षरांची ओळ रडत रडत टाइप केली, "मुंजाबा हो!" पलीकडून कुणी बोलेना.

"आवो, हायेत ना?"

"हाय की. तूच म्हनली ना, ऱ्हावा म्हनून?"