बर्लिनमध्ये वाजलेलं शटर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी कायम एकच विचारायचो — "पुन्हा करून दाखवता येईल का?" नाही? मग विषय संपला. सॉफ्टवेअरमधले बग तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस मी, माझा असल्या गोष्टींवर कसला विश्वास बसतोय... तरी लिहितोय, कारण हे डोक्यातून जात नाही.

२००६ चा जून. मी बर्लिनला नोकरीला, बायको मानसी येना शहरात पीएचडी करत होती. शनिवार-रविवारी कोणीतरी एकाने ट्रेन पकडायची, असा संसार. तिच्या लॅबमधला लेझर एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालायचा आणि त्याच प्रोजेक्टमध्ये मी फावल्या वेळात फुकट राबायचो. आलेले बग वाचायचे, कुठला किती गंभीर ते लावून ठेवायचं, हे माझं काम. कुठला कोणत्या रिलीजमध्ये दुरुस्त होणार, यात शेवटचा शब्द रिलीज मॅनेजर डर्कचा.

मानसीनेच एक बग कळवला होता. 'स्टॉप' दाबलं की लेझरसमोरचं शटर पडतं, पडताना टक् असा आवाज येतो. पण कधीकधी स्क्रीनवर 'बंद' दिसायचं आणि शटर मात्र उघडंच. मी तो बग सगळ्यात वर ठेवला. डर्क दर वेळी पुढच्या रिलीजला ढकलायचा.

"हे बघा, वर्कअराउंड आहे ना? हाताने बंद करा," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी भांडलो, मेलवर मेल लिहिल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

"तुमच्या डर्कला म्हणावं, ये आणि तूच घाल हात," मानसी चिडून म्हणायची.

एका दुपारी बर्लिनमधल्या युनिव्हर्सिटीच्या एका खोलीत रिलीजची मीटिंग होती. आम्ही पाच-सहा जण, लॅपटॉप आणि गार झालेली कॉफी, बाकी खोली रिकामी. मानसीचा बग आला. डर्क म्हणाला, "पुढच्या रिलीजला."

आणि टक्.

कोरडा, धातूचा आवाज. येनाच्या लॅबमध्ये मी तो कितीदा तरी ऐकलेला. सगळ्यांनी माना वर केल्या.

"हायत्सुंग असेल," डर्क म्हणाला. जूनमध्ये कोण हीटिंग लावतं? पण आम्ही पुढचा बग घेतला.

मीटिंग संपायच्या आत येनाहून फोन आला.

मी येनाच्या हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा मानसीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. "स्क्रीनवर बंद दिसलं म्हणून सेफ्टी गॉगल काढला रे," ती म्हणाली. "मग लक्षात आलं, टक् झालंच नाही. थोडी थांबले. नाहीच आलं. म्हणून हाताने बंद करायला गेले." कशावरून तरी किरण उलटला आणि डोळ्यात गेला. वेळ विचारली, तर आमच्या मीटिंगमध्ये टक् झालं तेव्हाचीच. त्या डोळ्यासमोर आजही मधोमध काळा डाग आहे. वाचताना शब्द त्यात जातात.

बग लगेच दुरुस्त झाला. वरातीमागून घोडं. डर्कची मेल आली — काळजी घ्या, आणि वर्कअराउंडच्या सूचनेत गॉगलचा उल्लेख घालू या का? मी प्रोजेक्ट सोडलं. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

तो आवाज खोलीतल्या आणखी दोघांना नीट आठवतो. डर्क म्हणतो, असं काही झालंच नाही. मी त्या खोलीत परत जाऊन खुर्च्या हलवल्या, खिडक्या आपटल्या, हीटरवर हात मारून पाहिला. तसा आवाज कशाचाच नाही.

मानसीला हे सांगायचं धाडस बऱ्याच महिन्यांनी झालं.

"म्हणजे तो आवाज आला होता तर," ती म्हणाली. "तुमच्याकडे."