कासवांचं दुसरं खोकं

सगळ्या नोकरीत मी पकडलेला एकजणही माझ्या हातून पळाला नाही, हे छाती ठोकून सांगतो. त्यातली सगळ्यात मोठी धरपकड कासवांची होती.

बोरिवलीची ती दुपार अजून आठवते, जागेपणी स्वप्न पडावं तशी. खबऱ्याचा फोन आला, "साहेब, पुलाखाली एक माणूस येतोय. दोन खोकी आहेत. चांदण्यांची कासवं." पाठीवर चांदण्या असलेली ही कासवं विकायला बंदी, तरी लोक बरकतीसाठी घरात ठेवतात. साध्या कपड्यांत गेलो. माणूस मिळाला, पण खोकं एकच.

ठाण्यात तो बाकावर बसला. "खोकं माझं नाय. मी नुसता उभा होतो." दोन तास मी तेच विचारतोय, तो तेच सांगतोय. शेवटी मलाच जांभया यायला लागल्या. दुसऱ्या खोक्यातले जीव कुठंतरी कोंडून पडलेले, आणि हा तोंड उघडेना.

हाती लागलेलं खोकं उघडलं तर सात कासवं. शाळेशी माझं कधी जमलं नाही. कासव म्हणजे पाण्यातलं, एवढंच ठाऊक. तहानली असतील बिचारी, म्हणून बाथरूममधला निळा टब काठोकाठ भरला आणि एकेक आत सोडलं. चांदण्या हळूहळू तळाला गेल्या. टबात आभाळ उतरल्यासारखं वाटत होतं. मी आपला बघतच राहिलो.

"ओ साहेब, काय करताय!" आरोपी बाकावरून उडालाच. "जमिनीवरची आहेत ती! पोहत नाय! मरतील ना!" त्यानं टबात हात घालून सगळी बाहेर काढली, डोकी खाली धरून पाणी निथळू दिलं, स्वतःच्या शर्टानं पुसली.

आमच्या हवालदार बाई लिहिता लिहिता थांबल्या. "काय रे, खोकं तुझं नाय ना?"

त्यानं हातातलं कासव हळूच खाली ठेवलं.

"दुसरं कुठंय? सांगतोस, का त्यांनापण पाणी पाजायला साहेबांना पाठवू?"

"नको, नको! दहिसरला, नदीकडच्या चाळीत. माझ्या खोलीच्या माळ्यावर. मोज्यांत बांधलीत."

तासाभरात आणली. मोजे कापले, सगळी मागच्या अंगणात उन्हात ठेवली. पोलीस ठाणं एवढं शांत मी कधी बघितलं नव्हतं. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. एकेक डोकं बाहेर आलं, चांदण्या फरशीवरून सरकायला लागल्या. एक कासव मात्र हलेना. त्याच्यासमोर मी उकिडवा बसलो, शेजारी आरोपी. किती वेळ गेला, कळलं नाही. मग कासवानं एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला.

मला पुढे एवढं समजलं, की ह्या जिवांची सगळी माहिती असलेला माणूस त्यांना मोज्यात कोंबत होता, आणि मी कळवळ्यानं त्यांना बुडवत होतो. नंतर कुठलंही मुकं जनावर सापडलं, की आधी वनखात्याला फोन लावायचो, मग हात लावायचो.

पण त्या संध्याकाळी मी भलताच फुशारलो होतो. बाईंना म्हटलं, "लिहा, आमच्या युक्तीनं आरोपी बोलला."

"साहेब, बुडवली तुम्ही, वाचवली त्यानं," बाई म्हणाल्या. "पंचनाम्यात आरोपी म्हणून कुणाचं नाव टाकू?"