ढिगातली जांभळी साडी

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. आडून आडून सांगण्यात अर्थ नाही. तिचं घर भाड्याचं, दीर कुपवाडला लेथवर कामाला, अंगावर सोनं माझ्याहून कमी. तरी सांगलीला तिच्या घरात पाय ठेवला की माझ्या पोटात दुखायला लागतं. घरातलं निम्मं सामान जुन्या बाजारातलं, आणि ते माझ्या नव्या सामानापेक्षा देखणं दिसतं. कुणाच्या तरी बंगल्यातून निघालेले जाड पडदे तिच्या खिडकीला असे बसलेत की जणू तिथेच शिवले. मी आमच्या वाईच्या दुकानातून कोरे पडदे घेतले, ते दुसऱ्या धुण्यालाच विटले.

पडद्यांवर भागलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण माझी मुलगी कॉलेजसाठी सांगलीला गेली आणि सुट्टीच्या दिवशी काकूबरोबर त्या बाजारात हिंडायला लागली.

मग ती घरी यायची ती ‘काकू म्हणते’ घेऊनच. काकू म्हणते, शर्ट घेताना आधी कॉलर आणि काख बघायची; तिथे विरलेला असला तर कितीही छान असो, सोडून द्यायचा. काकू म्हणते, कुकर कधी जुना घेऊ नये, पण लोखंडी कढई जुनीच घ्यावी. काकू म्हणते, काय लागतंय ते घरातून ठरवून निघायचं, नाहीतर स्वस्त स्वस्त म्हणत घराचं गोडाऊन होतं. मीही हिला जन्मल्यापासून काहीबाही सांगत आलेय. त्यातलं एक वाक्य तरी हिने कुणाला ‘आई म्हणते’ म्हणून सांगितलं असेल, असं मला वाटत नव्हतं.

“लोकांनी टाकलेलं अंगावर घालायचं?” मी एकदा फणकाऱ्याने म्हणाले. “मेलेल्या माणसाचं असलं म्हणजे?”

“काकू मिठाच्या पाण्यात भिजवते आणि कडक उन्हात वाळवते. मग कुणाचं का असेना.”

काकूकडे सगळ्याला उत्तर!

कॉलेजात साडी नेसायचा दिवस आला. मुलीने फोनवर सांगितलं, काकूबरोबर जाऊन जुन्या बाजारात बघते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या पोरीची पहिली साडी, आणि तीही काकूच निवडणार? “तू कुठे जाऊ नकोस,” मी म्हणाले, “मी घेऊन येते.” काकूच्याच बाजारातून काकूहून सरस साडी काढून दाखवायची, असं ठरवून सकाळची एसटी धरली आणि जावेला न कळवता थेट सांगलीच्या त्या बाजारात उतरले.

आठवडी बाजाराच्या टोकाला ताडपत्र्या अंथरून बोहारणी बसतात. आपण दारात जुने कपडे देऊन ज्यांच्याकडून स्टीलचे डबे घेतो त्याच या. घेतलेले कपडे धुऊन, इस्त्री करून इथे विकतात. मी जन्मभर त्यांच्याकडून भांडी घेतली होती, पण कपडे घ्यायला पहिल्यांदाच वाकले. ओळखीचं कुणी बघत नाही ना, म्हणून आधी पदर डोक्यावरून पुढे ओढला. तास-दीड तास उपसल्यावर खालून एक जांभळी साडी निघाली, इरकली काठाची. मी ‘काकू म्हणते’ ते सगळं केलं. उजेडाला धरली, काठ ताणून बघितले, वास घेतला. पदराजवळ बोटाच्या पेराएवढं रफू होतं, अगदी बारीक टाक्यांचं. त्या रफूवरून मी बोहारणीशी इतकी घासाघीस केली की ती शेवटी म्हणाली, “न्या बाई, पर जावा आता.”

जावेच्या घरी गेले तर मुलगी तिथेच होती. साडी उलगडल्याबरोबर ओरडली, “आई, ही तू शोधलीस? एकटीने?” आणि माझ्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून मी जावेकडे बघितलं. खरं सांगायचं तर गळ्यात पडलेल्या पोरीपेक्षा मला तेव्हा जावेचं तोंड बघायचं होतं.

तिने साडी हातात घेतली, पदरावरून बोटं फिरवली आणि रफूवर ती थांबली.

“तेवढा एकच दोष आहे,” मी म्हणाले, “पण मुद्दाम सांगितल्याशिवाय कळायचा नाही.”

“लय झ्याक घावली, आक्का,” ती म्हणाली. “तुमची नजर लय भारी.”

परतीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली नाही, पण पाय दुखले नाहीत. जिरली एकदाची, असं मनात म्हणत मी वाईपर्यंत आले. कॉलेजच्या दिवशी मुलीला ती साडी जावेनेच नेसवली. तेवढं मी मोठ्या मनाने चालवून घेतलं.

संक्रांतीला तिच्याकडे मुक्कामाला गेले होते. अंघोळीला निघाले, तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “टावेल कपाटात हाय बघा.” कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला होता. तिच्या माहेरचा, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेतला. आईशेजारी ती उभी, अंगावर जांभळी साडी, इरकली काठाची.

टॉवेल तिथेच राहिला. मी फोटो अलगद सोडवला आणि तो घेऊन स्वयंपाकघरात गेले. “ही साडी?”

“व्हय, माजीच ती,” ती तिळगुळाच्या पाकात चमचा फिरवत म्हणाली. “खिळ्याला लागून फाटली तवा मीच रफू केलं हुतं. मग दिली बोहारणीला, ह्यो तुपाचा डबा आला त्यावर.”

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“आवं, पोरगी किती कौतुकानं बघत हुती तुमच्याकडं. मदी मी कशाला तोंड घालू?”

पाक गोळीबंद होत आला होता, ती त्याच्याकडे वळली.

मुलीला तिने आजतागायत सांगितलेलं नाही. मीही नाही. परवा मुलगी मैत्रिणीला फोनवर बाजाराची अक्कल शिकवत होती, ती मी दाराआडून ऐकली. “आई म्हणते, रफू दिसलं की भाव पाडून मागायचा.” आई म्हणते! ज्यासाठी एवढी जळले ते मिळालं, तेही जावेच्या टाकलेल्या साडीवर आणि तिच्या गप्प बसण्यावर. हेवा करायचा तर समोरचं माणूस थोडं तरी वाईट असावं लागतं. तेवढी सोयसुद्धा त्या बाईने माझ्यासाठी ठेवली नाही.