तापलेलं उलथणं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही मनातून जात नाही, ती घटना एका चौदा वर्षांच्या मुलीच्या हातावरच्या चटक्याची आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात, कागलच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा चार्ज तेव्हा माझ्याकडे होता. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. मुलांच्या मदतवाहिनीकडून निरोप आला, की अमुक गावात आईबाप मुलीला चटके देतात. फोन करणाऱ्या बाईनं नाव सांगितलं नव्हतं. घर कुठलं, मुलगी कितवीत, चटका कोणत्या हाताला, हे मात्र बिनचूक सांगितलं होतं. इतकं बारीक ठाऊक असलेला माणूस त्या उंबऱ्यापासून फार लांब नसतो, हा माझा अनुभव.

मुलांच्या प्रकरणात वर्दीत जायचं नसतं. आमच्या महिला हवालदारबाई साडी नेसून आल्या, मी साध्या शर्टात गेलो. लागून दोन घरं, पुढे सामाईक सोपा, म्हणजे ओसरी. एकात थोरला भाऊ, त्याची बायको आणि ही मुलगी. दुसऱ्यात धाकटा भाऊ आणि त्याची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. मुलगी लांब बाह्यांचा ड्रेस घालून बसली होती.

"भाकरी करताना तवा लागला," ती म्हणाली. आईनंही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. दोघींचे शब्द इतके जुळले की मी सावध होतो.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी लिहून दिलं, की तापलेली चपटी वस्तू दाबून धरल्याची खूण आहे. संध्याकाळी बाप स्वतः ठाण्यात हजर झाला.

"साहेब, म्याच चटका दिला. लई उलट बोलाय लागलीया. शाळा बुडवती, घरात कुणाचं ऐकत न्हाय. माझी पोरगी हाय, वळण म्या न्हाय लावायचं तर कुणी?"

"पोरगी तुझी असली, तरी तिच्या अंगावर तुझा सातबारा नाही," मी म्हणालो. "तापलेल्या वस्तूनं इजा केलीस, हा गुन्हा आहे. वर बाल न्याय कायदा आहेच. वळण लावत होतो, हे सांगून सुटका होत नाही."

 मला तो फारच लवकर कबूल होतोय असं वाटलं. घटनेची वेळ त्यानं दुपारची सांगितली होती. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. कंपनीच्या गेटवरची हजेरी मागवली. त्या दुपारी तो आत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या घरी गेलो. आतल्या खोलीत हवालदारबाई मुलीचा जबाब लिहीत होत्या. बाहेर माझ्यासमोर आईबाप बसले होते. आईचा मोबाईल तिच्या मांडीवर. धाकटी जाऊ सोप्यातल्या खांबाला टेकून उभी.

जबाबात पालकांचा फोन नंबर लिहावा लागतो. मुलीला पाठ नव्हता, म्हणून तिनं आपला फोन हवालदारबाईंच्या हातात दिला. 'मम्मी' नावाचा नंबर दिसला. बरोबर आहे का पाहावं म्हणून बाईंनी तो लावला.

आईच्या मांडीवरचा मोबाईल गप्प होता. सोप्यात जावेचा वाजला.

"हॅलो, काय गं बाळा?" ती बोलून गेली आणि लगेच तिनं फोन पदराखाली घेतला.

आईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बघितलासा न्हवं साहेब? नऊ म्हैनं पोटात मी वागवली आणि मम्मी ही व्हय? पोरगी आजारी पडली की हिच्याकडं झोपती. साडी हिच्यासारखी, बोलणं हिच्यासारखं. मी काय सांगाय गेलं की म्हणती, काकीला तुझ्यापरास जास्त कळतंय. त्या दिवशी फोनात हे नाव बघितलं आणि चुलीवर उलथणं हुतं…"

"गप की गं," नवरा म्हणाला. ती अंगणवाडीत मदतनीस होती. तिची नोकरी जाऊ नये म्हणून त्यानं आळ स्वतःवर घेतला होता.

मी गुन्हा तिच्यावर नोंदवला. निघताना जाऊ गाडीपर्यंत आली. मदतवाहिनीला फोन तिनंच केला होता, हे मला केव्हाच कळलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण प्रश्न निराळाच होता. "साहेब, मग पोरगी आता माझ्याकडंच ऱ्हाईल न्हवं?"

खोटी तक्रार तिनं केली नव्हती. मुलीबद्दलची कळकळही खरी होती. पण आईचं घर मोडल्याशिवाय आपलं भरणार नाही, हेही तिनं मनात धरलं होतं. आठवड्यानं तीच ठाण्यात आली. गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही, केस मागं घ्या म्हणाली. असा गुन्हा आपसात मिटत नाही, हे तिला समजावता समजावता मी थकलो. आईची अंगणवाडी गेली. पुढे कोर्टानं दोषी धरून तिला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं.

बाल कल्याण समितीनं मुलीला विचारलं, कुठे राहायचं आहे? एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला काकी. ती दोघींकडे न बघता म्हणाली, "जिथं मला कुणी माझी, माझी म्हणून वढणार न्हाय तिथं." ती वसतिगृहात गेली आणि तिथूनच दहावी झाली.

आता निवृत्तीनंतर रंकाळ्यावर फिरायला जातो, तेव्हा ओळखीचे लोक विचारतात, "साहेब, पोराला मारलं तर खरंच केस होते व्हय?" होते, मी सांगतो. पण अर्धंच सांगतो.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा असताना मी त्याला कमरेच्या पट्ट्यानं मारलं होतं. गणितात नापास झाला म्हणून, असं मी घरात सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. नापास झाल्याचं त्यानं आधी मामाला सांगितलं होतं; मला ते चार दिवसांनी, मामाकडून कळलं. त्या दिवशी कुणी शेजाऱ्यानं फोन केला असता, तर आरोपीच्या रकान्यात माझं नाव आलं असतं. आणि ते बरोबर झालं असतं.